‘हम’

ठराव मी लिहायचो.
पंधरा रुपये महिना, शाई पक्षाची, टाक माझा.
माळवा लोकपक्ष, कचेरी सियागंजात,
खाली हिंगाचं गोदाम.
आमच्या सगळ्या क्रांतीला फोडणीचा वास.

सभा चाले हिंदीत, अर्धीमुर्धी माळवीत,
इतिवृत्त मात्र मराठीत.
संस्थानाच्या वेळची खोड, कुणी मोडली नव्हती.
दहा वर्षं मी एका भाषेतला आवेश
दुसरीच्या दोरीवर वाळत घातला.
अडायचं एकाच शब्दाशी.

मांगीलालजी नीमा मूठ आपटून म्हणत,
हम अपना हक लेके रहेंगे,
आणि माझा टाक दौतीवर थबके.
आपण? की आम्ही?
मराठीला आधी सांगावं लागतं
समोरचा आत आहे की बाहेर.
हिंदीला त्याची घाई नसते.
मी बहुधा ‘आपण’ लिही.
वाचायला बरं वाटे.

छप्पनचा ऑक्टोबर.
मध्यभारत जाणार, राजधानी भोपाळला,
हायकोर्टाचं एखादं कपाट तरी
इंदुरात राहील का, यावर बारा भाषणं.
दिल्लीनं न विचारता आपल्याला वाटून टाकलं,
घारपुरे वकील म्हणाले,
‘न विचारता’ तीनदा,
तिसऱ्यांदा चष्मा काढून.

मग गेंदालाल बलाई उभा राहिला.
मालवा मिलचा, साचाखात्यातला,
भुवयांवर कापसाचा भुगा.
तो दारापाशी बसे, सतरंजी जिथं संपे तिथं.
सतरंजी किती लांब घ्यायची
हे कधी ठरावात आलं नव्हतं.

मुझे भी किसी ने पूछा नहीं, भिया.
सराफ्यातल्या हॉटेलात माझी बशी
बाहेर खिळ्याला टांगलेली.
तुमच्या गल्लीतल्या नळावर माझी बायको
कुणी वरून पाणी ओतेल म्हणून उभी.
पहिला सत्याग्रह तिथं करू.
भोपाळ लांब आहे.

ये तो घर की बात है, नीमा म्हणाले,
पहले हक आ जाए, फिर आपस में देख लेंगे.
घारपुऱ्यांनी मूळ आणि फांद्या असं काहीसं सांगितलं.
गेंदालालनं विचारलं:
हम मतलब कौन?

खाली कुणीतरी पोतं टाकलं, धप्प.
सगळे माझ्याकडे बघू लागले,
जसं काही ते माझ्या वहीत असणार.

एकोणीस विरुद्ध चौदा.
चौदा उठले: मिलवाले, एक बोहरा घड्याळजी,
दोन मास्तर, आणि नीमांचा सख्खा पुतण्या,
जो जाताना काकांच्या पाया पडला.
कंदील त्यांनी नेला, खुर्च्या इकडे.
सतरंजी मधोमध फाडायची ठरली,
दोन्हीकडून ओढली, फाटेना.
ती गोदामवाल्यानं थकल्या भाड्यात ठेवून घेतली.

रात्री घारपुऱ्यांनी वही मागवली.
तांबडी पेन्सिल घेऊन
जिथं जिथं ‘आपण’ होतं तिथं ‘आम्ही’ केलं,
हळू हळू, मुलाचं शुद्धलेखन तपासावं तसं.
आता जरा स्पष्टता हवी, म्हणाले.
मी खाली सही केली. अक्षर माझंच चांगलं होतं.

आठवड्यात दोन्हीकडून बोलावणं आलं.
पगार तोच, पंधरा.
चौदांची कचेरी मिलच्या फाटकाजवळ, पाऊण कोस;
त्यांचं इतिवृत्त हिंदीत लिहिणार होते,
तिथं ‘हम’ अख्खा राहिला असता.
की त्यांचाही पुढं कुठं तडकला,
मला ठाऊक नाही, मी विचारलं नाही.

माझी चप्पल तुटली होती.
जी कचेरी घराजवळ होती तिथं गेलो.
तत्त्वबित्त्व काही नाही.

पहिल्याच सभेत मांगीलालजींनी मूठ आपटली,
हम,
आणि टाक थबकला नाही.